न वाचलेलं प्रकरण

१

चोरीच्या मालात मूळ मालापेक्षा जास्त ऐवज निघाला, असं प्रकरण उत्कर्षा सबनीसकडे पहिल्यांदाच आलं होतं.

उत्कर्षा पेशानं वकील. पुस्तकं, गाणी, चित्रपट इंटरनेटवर फुकटात वाटणाऱ्यांचा माग काढणं हे तिचं काम. या धंद्यात आता तिला कशाचं नवल वाटत नसे. चोर सगळीकडे सारखेच, असं ती म्हणायची. फरक असला तर मालकांमध्ये असतो.

हडपसरच्या आयटी पार्कमधल्या ऑफिसात पृथ्वीराज जाचक तिची वाट बघत बसला होता. ‘श्रवणवेल’ ही बोलक्या पुस्तकांची कंपनी त्याची. चाळिशीचा, चलाख माणूस, पण आज चेहरा उतरलेला. बोलण्याआधीच त्यानं मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

चॅनेलचं नाव होतं ‘जुनं ते सोनं’. खाली ओळ: ‘उमरीचा बांध, लेखक महिपती इंगोले, वाचन श्रीनिवास आगाशे. संपूर्ण, एकतीस प्रकरणं.’ आणि त्याखाली हजारो लोकांनी ते उतरवून घेतल्याची खूण.

“पुढच्या आठवड्यात प्रसिद्ध करणार होतो,” पृथ्वीराज म्हणाला. “जाहिराती झाल्या. आगाऊ नोंदणी झाली. लोक आता नोंदणी रद्द करतायत.”

“वाईट झालं,” उत्कर्षा म्हणाली. “पण फुटलेलं हे तुमचं पहिलं पुस्तक नाही.”

“ते खरं. पण मॅडम, आम्ही तीसच प्रकरणं रेकॉर्ड केली होती.”

उत्कर्षानं मोबाइलवरून नजर उचलली.

श्रीनिवास आगाशे हे नाव तिला माहीत होतं. पुण्यात कोणाला नव्हतं? रंगभूमीवर आणि रेडिओवर पन्नास वर्षं गाजलेला आवाज. ‘उमरीचा बांध’चं तिसावं प्रकरण वाचून झालं आणि त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या, गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. वर्ष झालं त्याला. आता ते बुधवार पेठेतल्या घरी असतात. बायको, मंदाकिनीबाई, त्यांच्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत उभं राहून नटांना पुढचं वाक्य पुरवायच्या. दोघंच राहतात.

“मग शेवटच्या प्रकरणाचं तुम्ही काय केलंत?”

पृथ्वीराजनं टाय सैल केला. “यंत्राकडून करून घेतलं. त्यांची तीस प्रकरणं संगणकाला दिली, त्याचा आवाज तयार झाला, त्या आवाजात एकतिसावं वाचून घेतलं. हल्ली सगळे करतात.”

“आगाशेंना विचारून?”

“करारात ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क आमचे आहेत.”

“मी ते विचारलं नव्हतं,” उत्कर्षा म्हणाली. “असू दे. मग यंत्रानं वाचलेलं प्रकरण फुटलं असणार.”

“ते माझ्या लॅपटॉपमधून कुठेही गेलेलं नाही. आणि हे ते नाहीच. ऐका.”

त्यानं बटण दाबलं. खोलीत आवाज भरला. म्हातारा आबा धरणाच्या काठावर उभा आहे, पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाकडे बघतो आहे, आणि एकेका घराला नावानं हाक मारतो आहे. उत्कर्षानं हातातलं पेन खाली ठेवलं. हा आवाज तिनं लहानपणापासून ऐकला होता, पण असा कधीच नाही. त्यात एक कंप होता. एक हाक आली ती पोरगेल्या उमेदीनं, पुढची आली ती थकून, जणू एकाच गळ्यातून एक आख्खं आयुष्य बोलत होतं. तिच्या हातावर काटा आला.

आवाज थांबला. बाहेर कोणाचा तरी फोन वाजत होता.

“या माणसानं वर्षभरात एक अक्षर उच्चारलेलं नाही,” पृथ्वीराज म्हणाला. “मग हे वाचलं कोणी?”

२

ध्वनिमुद्रक अभिनव त्याच इमारतीतल्या काचेच्या खोलीत बसत असे. पहिला संशय आपल्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तो आधीच रागावलेला होता.

“माझा लॅपटॉप घ्या, फोन घ्या. पण आधी हे बघा, म्हणजे तुमचाही टाइम वाचेल.” त्यानं पडद्यावर लाटांसारख्या रेषा आणल्या. “आम्ही बाहेर देतो त्या प्रत्येक कॉपीत एक खूण असते. कानाला ऐकू येत नाही. प्रत्येकाची वेगळी. चॅनेलवरच्या तीस प्रकरणांत खूण आहे. कोणाची सांगू? इंगोले सरांची. लेखक म्हणून तपासायला दिलेली कॉपी.”

“खूण पुसता येते?”

“मला येते. पृथ्वीराज सरांनाही माहितीये.”

“म्हणजे ज्यानं चढवलं त्याला खुणेचा पत्ताच नव्हता,” उत्कर्षा म्हणाली. “तुम्ही दोघंही सुटलात. अभिनंदन. आणि एकतिसावं?”

“त्यात खूण नाही. ते इथलं नाहीच.”

तिनं कादंबरीची छापील प्रत उघडून गुडघ्यावर घेतली. अभिनवनं आधी यंत्राचं वाचन लावलं. स्वच्छ, घोटीव, अचूक. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाज आगाशेंचाच, पण ऐकताना उत्कर्षाला दुकानाच्या काचेतले कपडे घातलेले पुतळे आठवले.

मग चॅनेलवरचं लावलं. तिचं बोट ओळींवरून फिरत होतं. एका जागी ते थांबलं.

“थांबवा. पुस्तकात ‘ड्रोन’ आहे. पाण्यावरून ड्रोन गेला. इथे ‘उडतं यंत्र’ म्हटलंय.”

पुढे ‘सेल्फी’च्या जागी नुसती ‘छबी’ आली. उत्कर्षा पुटपुटली, “कोणी शुद्ध मराठीवाला दिसतोय.” पण आणखी दोन पानांनी बोट पुन्हा अडखळलं. पुस्तकात काठावरच्या काठीवर खंड्या बसला होता. आवाज म्हणाला, ‘पाखरू’. खंड्या तर अस्सल मराठी. तो का उडवला?

“दुसरी गोष्ट मी सांगू?” अभिनवचा राग एव्हाना विरला होता. त्यानं हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. “शब्द ऐकू नका. शब्दांच्या मधली शांतता ऐका. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, मॅडम. आमच्या स्टुडिओची वेगळी, नाट्यगृहाची वेगळी. या प्रकरणात ती बदलत राहते. एकाच वाक्यात चार-पाच खोल्या आहेत. आणि हे.”

त्यानं एक शब्द उचलून मोठा केला. ‘घर’. त्या ‘घर’च्या पाठीमागे, फार लांब, कोणीतरी खोकलं.

“कोणी नकलाकार असेल?”

“नकलाकार एका खोलीत बसून बोलेल. पाच नाही.” अभिनव पडद्याकडे बघत राहिला. “मी दहा वर्षं या लाइनमध्ये आहे. असलं काही मी ऐकलेलं नाही. मला भीती वाटत नाहीये. पण हात जोडावेसे वाटतायत. कोणाला, ते कळत नाही.”

३

महिपती इंगोले हडपसरलाच मुलीकडे राहत होते. यवतमाळकडचे निवृत्त मास्तर. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे. उत्कर्षानं ओळख सांगितली तसे ते सोफ्यावरून उठले आणि पुन्हा बसले.

“पायरसीवाल्या वकीलबाई म्हणजे तुम्ही. बरं झालं आलात. मले एक सांगा. मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एक गृहस्थ भेटले. पाया पडले. म्हणे, सर, तुमची कादंबरी तीनदा वाचली, पीडीएफ आली होती ग्रुपवर. आता त्या माणसाले मी काय म्हणायचं? आशीर्वाद देऊ का शिवी देऊ? कादंबरीले दहा वर्षं लागली, बाई. गावोगाव हिंडलो.”

“मग तुमची बोलकी कादंबरी तुमच्याच कॉपीवरून कशी फुटली, सर?”

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला.

“माझ्या कॉपीवरून?”

“त्यात खूण असते.”

हे त्यांना माहीत नव्हतं. तोंडावर स्पष्ट दिसलं. आणि आणखी एक दिसलं: ते दुखावले होते. ज्याला कॉपी दिली त्यानं असं करावं, ही कल्पना त्यांना आत कुठेतरी लागली होती.

“दिली होती मी,” ते सावकाश म्हणाले. “कोणाले, ते नाही सांगणार. चाळीस वर्षं शाळेत होतो. चुगली करणाऱ्या पोराले मीच रागे भरायचो.”

“एकतिसावं प्रकरण ऐकलंत?”

“तीसच तर होते.”

म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं. उत्कर्षानं वाद न घालता फोन टेबलावर ठेवला आणि लावलं.

मास्तर आधी ताठ बसून ऐकत होते. आबानं पहिल्या घराला हाक मारली तसे पुढे झुकले. ‘उडतं यंत्र’ आलं तेव्हा भुवई हलली. खंड्याच्या जागी पाखरू आलं तेव्हा ओठ हलले. शेवटाला आबा पाण्यात पाय घालतो आणि आपल्याच दाराला हाक देतो, तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले. आतून मुलगी काहीतरी विचारायला आली आणि वडिलांकडे बघून तशीच मागे फिरली.

“शब्द तुम्ही बदललेत का, सर?”

“मी? खंड्या मी काढीन? त्या एका पाखरासाठी मी दोन दिवस धरणावर बसलो होतो.” त्यांनी चष्मा पुसला. “पण ज्यानं काढला ना, त्यानं नाइलाजानं काढला. मोठ्या जिवावर आलं असेल त्याच्या. वाक्याचा तोल बघा, कुठे ढळला नाही. बाई, हे मीच लिहिलेलं आहे आणि आज मले पहिल्यांदा कळलं.”

तिला दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा ते म्हणाले, “चोर सापडला तर मले सांगा. मले त्याच्याशी भांडायचं आहे. आणि त्याच्या पायाही पडायचं आहे.”

४

रिक्षा स्वारगेटच्या चौकात अडकली. पुढे बसची रांग, मागे हॉर्न. उत्कर्षानं कानात इअरफोन घातले आणि पुन्हा तेच प्रकरण लावलं.

ड्रोन. सेल्फी. खंड्या. तिनं तिन्ही शब्द मनात शेजारी शेजारी मांडले. एक इंग्रजी, नवा, दुसरा तसाच, तिसरा जुना, आपला. तिघांत साम्य काय?

शब्द कोण बदलतं? यंत्र बदलत नाही, त्याला कोणताही शब्द म्हणता येतो. नकलाकारालाही येतो. लेखकाला बदलायचे नव्हते. तिनं डोळे मिटले. एखाद्या बाईच्या डब्यात जिरं नसेल तर ती मोहरीवर भागवते. शब्द बदलतो तो, ज्याच्यापाशी तो शब्द नाही.

कानात आबा म्हणाला, “माझं घर.” ‘माझं’ सत्तरीतलं होतं. ‘घर’ पंचविशीतलं. आणि त्या घरामागे कोणीतरी खोकलं. कोण खोकतं? नाटकाला आलेला प्रेक्षक खोकतो.

उत्कर्षा ताठ झाली. पुढचा सिग्नल सुटला होता, पण तिला ऐकू येत नव्हतं. हे प्रकरण कोणी वाचलेलंच नव्हतं. हे वेचलेलं होतं. एकेक शब्द एकेका जागेवरून. नाट्यगृहातून, रेडिओवरून, त्या तीस प्रकरणांतून. या माणसानं पन्नास वर्षांत कधी ना कधी खरोखर उच्चारलेला शब्द, आणि त्याच्याशेजारी दुसरा, आणि तिसरा. खंड्या मात्र त्यांच्या तोंडून कधीच आला नव्हता. ड्रोनचा तर प्रश्नच नव्हता.

पण पन्नास वर्षांच्या ढिगातून नेमका शब्द नेमक्या जागी आहे, हे कोणाला ठाऊक असणार? कोणत्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्या माणसाचा प्रत्येक शब्द राहील?

तिला उत्तर मिळालं तेव्हा तिच्या तोंडून आपोआप “अगं बाई” निघून गेलं.

“काय झालं, ताई?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“डेक्कन नको. बुधवार पेठेत घ्या.”

५

आगाशेंचं घर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली स्पीकर विकणाऱ्यांची चढाओढ, वर खिडकीला जाड पडदे. दार मंदाकिनीबाईंनी उघडलं. ठेंगण्या, नीटनेटक्या, नजर धारदार. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

“श्रवणवेलकडून आलात. या. चहा घेणार, की आरोप करूनच जाणार?”

“आधी आरोप करते,” उत्कर्षा म्हणाली. “मग द्यावासा वाटला तर द्या.”

श्रीनिवासराव टेबलाशी बसले होते. गळ्याभोवती सुती रुमाल, समोर संगणक, शेजारी लिहायची पाटी, मानेवर लटकलेले हेडफोन. त्यांनी हात जोडले. तेवढ्या हात जोडण्यातही रंगमंच होता.

उत्कर्षानं तिला जे कळलं ते सरळ सांगितलं. खूण इंगोले मास्तरांच्या कॉपीची. म्हणजे मास्तरांनी ती विश्वासातल्या माणसाला दिली. त्या माणसाला तीस प्रकरणं हवी होती, कारण त्यात ‘उमरी’ होतं, ‘आबा’ होतं, शेवटच्या प्रकरणाला लागणारे शेकडो शब्द होते. बाकीचे शब्द जुन्या नाटकांतून आले. जे कुठेच नव्हते तिथे पर्याय आला. “जोडणी साहेबांची. पण कोणता शब्द कुठे आहे ते सांगणारी व्यक्ती एकच असू शकते. चाळीस वर्षं विंगेत उभं राहून जिनं त्यांचं प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी म्हटलं, ती.”

श्रीनिवासरावांनी बायकोकडे बघितलं. मंदाकिनीबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला.

“अजून खात्री नाहीये ना तुमची?” त्या म्हणाल्या. “एक शब्द सांगा. कुठलाही.”

उत्कर्षा म्हणाली, “पाणी.”

“कुठलं? तहानेचं, विहिरीचं, की डोळ्यांतलं?”

“तिन्ही.”

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले. हळू आवाजात त्या नवऱ्याला सांगू लागल्या: रेडिओवरचं ते कैद्याचं नाटक, पहारेकरी आत येतो त्यानंतर. मग शेतकऱ्याचं, दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, मोट थांबल्यावर. तिसरं, राजा मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकतो तिथे. पण पहिल्या प्रयोगातलं घ्या, नंतर तुम्ही ते वाक्य घाईनं म्हणायला लागलात. श्रीनिवासरावांची बोटं चालत होती. त्यांच्या गालावर हसू आलं होतं.

“पाणी,” संगणकातून एक कोरडा घसा म्हणाला. “पाणी,” दुसरा म्हणाला, ओलाचिंब, आनंदी. आणि तिसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा उत्कर्षानं नकळत हात तोंडावर नेला.

समुद्राच्या काठी उभं राहिल्यावर बोलणं सुचत नाही, तसं तिला झालं. एका माणसाचा पन्नास वर्षांचा आवाज दुसऱ्या माणसाच्या आत जिवंत होता. कागदावर नाही, यंत्रात नाही. या ठेंगण्या बाईच्या मिटलेल्या डोळ्यांमागे.

“किती दिवस लागले?” तिनं विचारलं.

“मोजले नाहीत. एक वाक्य जमलं की आम्ही जिलबी आणायचो. वजन वाढलंय दोघांचं.”

“ही जुनी नाटकं मिळाली कुठे?”

“जिथे रेकॉर्ड झाली तिथे विचारलं. टेपा पुसून त्यांवर दुसरं भरलं म्हणाले.” मंदाकिनीबाईंचा सूर कडवट झाला. “सापडली ती त्या चॅनेलवर. कोणी कोणी घरी रेडिओसमोर, नाहीतर नाट्यगृहात टेपरेकॉर्डर धरून भरून ठेवलेली. तुमच्या भाषेत चोर. त्या चोरांनी यांचा आवाज जपला, अहो. म्हणून तयार झालेलं त्यांनाच दिलं. हो, मीच चढवलं. यांनी नको म्हणून पाटीवर लिहिलं होतं. मी ऐकलं नाही.”

“जाचकांना का नाही दिलंत?”

“शेवटचं प्रकरण यंत्राकडून वाचून घेणार हे कानावर आलं, तसं यांनी त्यांना दोनदा लिहून कळवलं की यंत्राचा आवाज माझा म्हणून विकू नका. उत्तर काय आलं? हक्क कंपनीचे. आणि मग जाहिरात: श्रीनिवास आगाशे यांच्या आवाजात संपूर्ण कादंबरी. यांनी न उच्चारलेले शब्द यांच्या नावावर! मला तो खोटा पुतळा बसवण्याआधी खरा माणूस उभा करायचा होता.”

“पण त्यासाठी शेवटचं प्रकरण पुरेसं होतं,” उत्कर्षा शांतपणे म्हणाली. “तीसही का चढवलीत?”

“शेवट नुसता ऐकून कळला असता कोणाला?”

“नसता कळला. पण ती तीस प्रकरणं इंगोले मास्तरांची दहा वर्षं आहेत. त्यांनी तुम्हाला विश्वासानं दिली. आज त्यांना विचारलं, तर तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही.”

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. श्रीनिवासरावांनी डोळे खाली वळवले. खाली बाजारात कोणीतरी स्पीकरचा आवाज अचानक वाढवला आणि तितक्याच अचानक बंद केला.

“जाचकांनी यांचा आवाज न विचारता घेतला,” उत्कर्षा म्हणाली. “तुम्ही मास्तरांचं पुस्तक न विचारता वाटलंत. मला कोर्टात उभं केलं, तर या दोन्हींत फरक दाखवणं जड जाईल.”

मंदाकिनीबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “काढून टाकते. आत्ता. आणि मास्तरांकडे मी स्वतः जाते.” मग पुसटसं, “चहा ठेवू?”

“ठेवा,” उत्कर्षा म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी हडपसरच्या ऑफिसात पृथ्वीराज टेबलावर बोटं वाजवत होता.

“म्हणजे चोर सापडला. तक्रार करू.”

“करा. मग आगाशेंचा वकील काय मांडेल तेही ऐकून ठेवा,” उत्कर्षा म्हणाली. “ध्वनिमुद्रण तुमचं, मान्य. पण सादर करणाऱ्या कलाकाराचाही एक हक्क कायद्यात आहे, आणि तो करारानं विकत मिळत नाही. त्याच्या सादरीकरणाची मोडतोड करून त्याच्या नावाला बाध आणला तर तो दाद मागू शकतो. त्यांनी लेखी नकार दिला होता, दोनदा. आणि न वाचलेलं प्रकरण तुम्ही त्यांच्या नावानं विकणार होतात. गिऱ्हाइकांनी पैसे कशाचे मोजले असते?”

“ते जुन्या नाटकांतले शब्द तरी त्यांच्या मालकीचे आहेत का?”

“नाहीत. ज्यांचे आहेत त्यांच्याकडे परवानगी मागू. मागितली की बरेच लोक देतात. या धंद्यात कोणी मागूनच बघत नाही.”

पृथ्वीराज हसला नाही. तिनं त्याला ते प्रकरण कसं घडलं ते सांगितलं. तीन वेगवेगळी पाणी. पडदे लावलेली खोली. एकेक वाक्य, आणि त्यानंतरची जिलबी. मग तिनं ते पुन्हा लावलं, आणि या वेळी तो माहिती असून ऐकत होता. काचेपलीकडे अभिनव उठून उभा राहिला होता. अर्ध्यावर पृथ्वीराजच्या बोटांचं वाजणं थांबलं. शेवट झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला, यंत्रानं वाचलेलं प्रकरण शोधलं आणि कोणालाही न विचारता पुसून टाकलं.

“आमचं यंत्र एका तासात वाचून मोकळं झालं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, तीच कमाल आहे.”

मंदाकिनीबाई मास्तरांकडे गेल्या, तेव्हा मास्तर आधी कडकडून भांडले आणि मग खरंच पाया पडले. दोघांत वयानं मोठं कोण यावर पुन्हा भांडण झालं. चॅनेलवरून मंदाकिनीबाईंनी सगळं काढून टाकलं आणि तिथे एक संदेश ठेवला: ‘आवाज तुम्ही जपलात, उपकार आहेत. पण हे पुस्तक लिहिणारा माणूस जिवंत आहे. विकत घेऊन ऐका.’ काहींनी खिल्ली उडवली. काहींनी आपल्याकडची कॉपी तशीच फिरवली. ती अजूनही फिरते आहे. पण परवानग्या मिळून ‘उमरीचा बांध’ त्या वेचलेल्या शेवटासह बाहेर पडली तेव्हा नोंदणी रद्द केलेले बरेच लोक परत आले, आणि मास्तरांना एका लग्नात एक माणूस भेटला जो म्हणाला, सर, पैसे देऊन ऐकलं. मास्तरांनी त्याला जेवणाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसवून घेतलं.

शेवटच्या प्रकरणाच्या श्रेयनामावलीत दोन नावं आहेत. आवाज: श्रीनिवास आगाशे. स्मरण: मंदाकिनी आगाशे.

ते प्रसिद्ध झालं त्या दिवशी उत्कर्षा पेढे घेऊन बुधवार पेठेत गेली. मंदाकिनीबाई कपबश्या मांडत होत्या. श्रीनिवासरावांनी टेबलावर टकटक केली, बायकोला समोर बसायची खूण केली आणि एक कळ दाबली.

“मंदा,” त्यांचा आवाज म्हणाला. “आता तू बोल. मी ऐकतो.”

मंदाकिनीबाई दचकल्या. हे वाक्य त्यांनी जुळवलेलं नव्हतं. ते त्यांच्या नकळत झालं होतं.

“‘मंदा’ कुठून आणलंत?” त्यांनी विचारलं. “माझं नाव कुठल्याच नाटकात नव्हतं.”

श्रीनिवासरावांनी पाटी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं: ‘वारा मंदावला.’

ते वाक्य मंदाकिनीबाईंनी शेकडो प्रयोगांत विंगेतून पुरवलं होतं. त्यात आपण आहोत हे त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. त्या पाटीकडे बघत राहिल्या.

“बोलते की,” त्या म्हणाल्या. विंगेतल्या कुजबुजीपेक्षा आवाज मोठा होता. उत्कर्षाला पुढे वाकावं लागलं नाही. श्रीनिवासराव हनुवटीवर हात टेकून ऐकायला बसले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मंदाकिनीबाईंना पुढचं वाक्य सापडेना.